विषारी वायूचा हल्ला कुणीही करो, सरकारला धरायचं का?

तर्कटराव

मंडळी, एका मित्राशी वाद झाला, तो अर्धवट राहिला, म्हणून इथे आणतोय. त्याचं म्हणणं : सरकारने स्वतः वायू सोडला तर सरकार दोषी, कुणा माथेफिरूने सोडला तर माथेफिरू दोषी. प्रत्येक वेड्याच्या मागे सरकार पहारा देत बसणार का?

मला हे इतकं सोपं वाटत नाही. २००१ सालचं अमेरिकेतलं अँथ्रॅक्स प्रकरण घ्या. ११ सप्टेंबरनंतर आठवड्याभरात जंतूंची भुकटी भरलेली पाकिटं टपालात पडू लागली. ५ माणसं गेली, १७ आजारी पडली. बोटं आधी इराककडे गेली. पुढे कळलं की जंतूंचा वाण घरचाच, लष्कराच्या फोर्ट डेट्रिक प्रयोगशाळेत वापरला जाणारा. एफबीआय एका शास्त्रज्ञाच्या मागे हात धुऊन लागली, तो निर्दोष निघाला आणि सरकारला त्याच्याशी ५८ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मग नाव आलं त्याच प्रयोगशाळेतल्या ब्रूस आयविन्सचं. २००८ मध्ये आरोपपत्र दाखल व्हायच्या आत त्याने जीव दिला.

पहिला बळी फ्लोरिडातला एक छायाचित्र संपादक. त्याच्या पत्नीने थेट सरकारवर दावा लावला : तुमच्या कपाटातलं विष, तुम्ही नीट सांभाळलं नाहीत. २०११ मध्ये सरकारने २५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. म्हणजे हल्ला सरकारने केला नाही, पण पैसे सरकारने दिले. याला काय म्हणायचं? तुमची मतं सांगा. सोबत उदाहरणं असली तर उत्तम.

काळी_शाई

चांगला विषय. जागा पकडून बसलोय.

उडाणटप्पू

कुत्रा पाळीव असेल तर मालक जबाबदार, भटका असेल तर नगरपालिका. झाला धागा. कुलूप लावा.

जुनी_खाती

कुलूप लावायच्या आधी थोडा इतिहास.

या क्षेत्रात सरकारांनी पहिल्या दिवसापासून पळवाटा काढल्यात. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात गुदमरवणारे वायू पसरवणारे तोफगोळे वापरायचे नाहीत असं ठरलं होतं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडला तो गोळ्यांतून नाही, जमिनीत पुरून ठेवलेल्या नळकांड्यांतून. वारा शत्रूच्या खंदकाकडे वाहू लागेपर्यंत थांबले आणि तोट्या उघडल्या. का, तर नळकांडं म्हणजे तोफगोळा नव्हे! हे काम जातीने बघणाऱ्या फ्रिट्झ हाबरना पुढे १९१८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (अमोनियासाठी, पण मिळालं).

मग १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल. त्यात वापरावर बंदी, पण बनवण्यावर आणि साठवण्यावर नाही. अनेक देशांनी सही करतानाच लिहून ठेवलं की समोरच्याने वापरलं तर आम्ही बांधील नाही. अमेरिकेने तर त्याला मान्यता दिली थेट १९७५ मध्ये.

इटलीने सही केलेली होती. तरीही १९३५-३६ मध्ये इथिओपियावर विमानांतून कातडी आणि फुप्फुसं जाळणारा मस्टर्ड वायू फवारला. सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे स्वतः उभे राहून बोलले. फळ शून्य. इटलीच्या संरक्षण खात्याने हा वापर अधिकृतपणे कबूल केला १९९६ मध्ये.

तेव्हा तर्कटराव, 'सरकारने केलं तर सरकार दोषी' हा तुमच्या मित्राचा सोपा वाटणारा अर्धा भागच प्रत्यक्षात सगळ्यात अवघड आहे.

चौकस_चंपा

साठ वर्षांनी कबुली! तोवर आदेश देणारे, फवारणारे, सोसणारे, सगळेच गेले असणार.

विधिलिखित

उडाणटप्पूंनी गंमत केली, पण कायदा साधारण तिथेच जातो.

आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये राज्यांच्या जबाबदारीची कलमं तयार केली. सैन्य, पोलीस, गुप्तहेर हे राज्याचे अवयव. त्यांनी केलं ते राज्याने केलं, वरून आदेश होता की नव्हता हा प्रश्नच नाही. खासगी टोळीने केलं तर मात्र ती राज्याच्या सूचनेवर किंवा नियंत्रणाखाली वागत होती हे दाखवावं लागतं, आणि तिथे दोरी फार आखूड आहे. १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की पैसे, शस्त्रं, प्रशिक्षण दिलं एवढ्याने टोळीची प्रत्येक कृती त्या देशाच्या खात्यावर चढत नाही, त्या विशिष्ट कारवाईवर प्रभावी नियंत्रण हवं.

याशिवाय एक वेगळी जबाबदारी आहे, ती म्हणजे रोखण्याची. सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव १५४० सगळ्या देशांना सांगतो की अशी अस्त्रं आणि त्यांचा कच्चा माल टोळ्यांच्या हाती पडू नये म्हणून कायदे करा, हिशेब ठेवा, सीमेवर तपासा. यात चूक झाली तर तो सरकारचा दोष, पण तो हल्ल्याचा दोष नव्हे. अँथ्रॅक्सचा दावा या दुसऱ्या जातीचा होता. दोन्ही एकाच पारड्यात टाकलं की खरा मारेकरी हलका होतो, म्हणून माझा कल तर्कटरावांपेक्षा त्यांच्या मित्राकडे आहे.

जाता जाता : त्याच दाव्यात २०११ मध्ये न्याय खात्याच्या दिवाणी वकिलांनी कोर्टात लिहून दिलं की आयविन्सच्या प्रयोगशाळेत अशी भुकटी तयार करायची खास साधनं नव्हती. त्याच खात्याची फौजदारी बाजू सांगत होती की त्यानेच केली. बोंबाबोंब झाल्यावर कागद दुरुस्त केला. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने म्हटलं की निव्वळ विज्ञानाच्या आधारावर जंतूंच्या उगमाबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

उडाणटप्पू

डाव्या हाताने फाशी, उजव्या हाताने जामीन.

पांढरा_कोट

कायद्यातलं मला कळत नाही, पण मारेकऱ्याच्या पलीकडे पाहायचंच नाही याला माझा विरोध आहे. कारण सांगते.

मी बरीच वर्षं अपघात विभागात काम केलं. कीटकनाशक प्यायलेले रुग्ण ज्यांनी पाहिलेत त्यांना सारीन हे युद्धातलं विष वेगळं समजावून सांगायला नको, दोन्ही एकाच कुळातली. (सारीन १९३८ मध्ये जर्मनीत कीटकनाशकांच्या संशोधनातूनच निघालं.) बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून फेस येत राहतो, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज, दंडाचे स्नायू कातडीखाली किड्यांसारखे वळवळतात. अॅट्रोपिन हा उतारा देत राहायचं आणि छाती कोरडी होतेय का ते दर थोड्या वेळाने ऐकायचं. आणि कपडे आधी उतरवायचे. एकदा नातेवाइकांच्या गलक्यात ते राहून गेलं, तर नळी घालणाऱ्या आमच्या सिस्टरचंच डोकं गरगरायला लागलं. त्या रुग्णाच्या सोबत बाटली होती. औषध कोणतं हे आम्हाला पहिल्या मिनिटाला ठाऊक होतं, म्हणून तो वाचला.

आता मॉस्को, ऑक्टोबर २००२. दुब्रोव्का नाट्यगृहात चेचेन बंडखोरांनी आठशेहून जास्त प्रेक्षक ओलीस धरले. तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे सरकारने वातानुकूलनातून वायू सोडला, बंडखोर झोपले, त्यांना गोळ्या घातल्या. सुमारे १३० ओलीस मेले, जवळजवळ सगळे वायूने. बाहेर उभ्या डॉक्टरांना वायू कोणता हे सांगितलंच नव्हतं! अफूच्या कुळातला असेल असा अंदाज बांधून ज्याच्याकडे नॅलोक्सोन हा अफूवरचा उतारा होता त्याने ते दिलं. बेशुद्ध माणसं उताणी ठेवली, जीभ मागे पडून गुदमरली. पुरेशा रुग्णवाहिका नाहीत म्हणून बसमध्ये भरली. पुढे ब्रिटनच्या प्रयोगशाळेने वाचलेल्या ब्रिटिश ओलिसांचे कपडे आणि लघवी तपासून कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल ही नावं काढली. रुग्णाला काय दिलंय हे दहा वर्षांनी परक्या देशातून कळावं?

फटफटी

डॉक्टर, आदर ठेवून असहमत. आत स्फोटकं बांधलेल्या बायका बसल्या होत्या. नुसतं घुसले असते तर सगळं नाट्यगृह कोसळलं असतं. १३० गेले हे वाईटच, पण सातशेच्या आसपास वाचले ते त्या वायूमुळे. खुर्चीत बसून टीका सोपी आहे.

पांढरा_कोट

वायू का सोडला असं मी विचारलंच नाही. डॉक्टरांना का सांगितलं नाही असं विचारलं.

विधिलिखित

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०११ मध्ये (फिनोगेनोव्ह विरुद्ध रशिया) नेमकी हीच फोड केली. वायू वापरायचा निर्णय त्या परिस्थितीत अवाजवी नव्हता, म्हणजे फटफटी बरोबर. सुटकेची आणि उपचारांची तयारी अपुरी होती आणि नंतरची चौकशी नावापुरती, म्हणून जगण्याच्या हक्काचा भंग, म्हणजे डॉक्टरही बरोबर. अर्जदारांना भरपाई द्यायला लावली.

निमूट

सहसा लिहीत नाही, पण लपवाछपवीचा विषय निघाला म्हणून.

२ डिसेंबर १९४३, इटलीतलं बारी बंदर. जर्मन विमानांनी दोस्तांची जहाजं बुडवली. त्यात जॉन हार्वी नावाच्या अमेरिकन जहाजावर सुमारे दोन हजार मस्टर्ड बॉम्ब होते. जर्मनीने वायू वापरलाच तर उत्तर द्यायला म्हणून गुपचूप आणलेले. ज्यांना ठाऊक होतं ते जहाजाबरोबरच गेले. मस्टर्ड तेलात मिसळून पाण्यावर पसरलं, त्यातून खलाशी पोहून वर आले. इस्पितळात त्यांना त्याच तेलाने भिजलेल्या कपड्यांवर ब्लँकेटं गुंडाळून गरम चहा दिला, कारण डॉक्टरांना वाटलं नुसता गारठा आणि धक्का. सकाळपर्यंत डोळे मिटले, कातडी फोडांनी भरली. सहाशेहून जास्त सैनिक-खलाशी बाधित, ८३ मृत. गावातल्या लोकांची तर मोजदादच नाही. तपासाला पाठवलेल्या डॉ. स्ट्यूअर्ट अलेक्झांडरनी कोण कुठे पाण्यात होता याचा नकाशा मांडून हा मस्टर्ड आहे आणि आपल्याच जहाजातला आहे हे दाखवलं. चर्चिलनी ब्रिटिश कागदांत 'शत्रूच्या कारवाईमुळे भाजणे' अशी नोंद करायला लावली.

इथे हल्ला जर्मनीचा, विष अमेरिकेचं, गप्प दोघे मित्र. विधिलिखित, ही कोणत्या खणात बसवणार?

(अवांतर : रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कशा कोसळल्या हे अलेक्झांडरनी नोंदवलं होतं. कर्करोगावरच्या पहिल्या औषधांच्या संशोधनाला त्या नोंदींनी बळ मिळालं.)

काळी_शाई

बारी माहीत नव्हतं. थरकाप.

त्याच माळेतला दुसरा मणी : स्वेर्दलोव्स्क, एप्रिल १९७९. सोव्हिएत लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू बाहेर उडाले, निदान ६६ माणसं मेली. सरकार म्हणालं, खराब मांस खाल्लं. खाटिकांवर कारवाया झाल्या, भटकी कुत्री मारली, डॉक्टरांच्या नोंदी गुप्तचरांनी उचलून नेल्या. १९८८ मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ अमेरिकेत जाऊन तीच मांसाची गोष्ट चित्रांसह सांगून आले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र काही नमुने आणि टिपणं लपवून ठेवली होती. त्यात फुप्फुसांच्या मधल्या गाठी रक्ताने भरलेल्या दिसत होत्या, म्हणजे जंतू श्वासातून गेलेले.

अमेरिकन शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन आणि सहकाऱ्यांनी नंतर तिथे जाऊन कोण मेलं, तो त्या दिवशी कुठे राहत किंवा काम करत होता, हे घरोघर विचारलं. ठिपके नकाशावर मांडले तर लष्करी केंद्रापासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत एक चिंचोळा पट्टा, पुढे त्याच रेषेत पन्नास किलोमीटरपर्यंत मेलेल्या मेंढ्या आणि गुरं. २ एप्रिलचा वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता. १९९४ मध्ये हे छापून आलं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिननी १९९२ मध्येच लष्कराकडे बोट दाखवलं होतं, आणि मौज अशी की १९७९ मध्ये त्या प्रांताचे पक्षप्रमुख तेच होते.

लक्षात घ्या, १९७५ पासून जैविक अस्त्रबंदीचा करार लागू होता आणि सोव्हिएत संघ त्याच्या तीन राखणदारांपैकी एक!

उडाणटप्पू

त्या करारात तपासणी करायला कोण जातं?

काळी_शाई

कुणी नाही. तपासणीची यंत्रणाच नाही. ती जोडायची बोलणी वर्षानुवर्षं चालली, २००१ मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारला आणि बारगळली.

आतली_बातमी

सगळा बनाव असतो. हल्ला झाला की फायदा कुणाला होतो ते बघा. सीरियात असादने स्वतःच्याच लोकांवर वायू का सोडावा? युद्ध तर तो जिंकत होता.

जुनी_खाती

फायदा कुणाला यावरून गुन्हेगार ठरवायचा तर प्रत्येक मृत्यूत वारसदार आत जाईल.

संपादक

व्यक्तिगत शेरे नकोत. सीरियावर बोलायचं तर अहवालांना धरून बोला.

विधिलिखित

अहवालांनाच धरून बोलतो, कारण तर्कटरावांच्या प्रश्नाचं खरं रणांगण सीरिया आहे.

२१ ऑगस्ट २०१३, दमास्कसजवळचं घूता. संयुक्त राष्ट्रांचं सेलस्ट्रॉम पथक योगायोगाने तेव्हा दमास्कसमध्येच होतं. त्यांनी नमुने घेतले, रॉकेटांचे अवशेष मोजले, सारीन वापरलं गेलं हे निःसंशय सांगितलं. कुणी वापरलं ते सांगितलं नाही, कारण ते सांगायचा त्यांना अधिकारच दिला नव्हता! पुढे २०१५ मध्ये दोष ठरवण्यासाठी संयुक्त चौकशी यंत्रणा नेमली. तिने ४ एप्रिल २०१७ च्या खान शेखूनच्या सारीन हल्ल्यासाठी सीरियन सरकारला जबाबदार धरलं आणि त्याच अहवालात उम्म हौशच्या मस्टर्डसाठी इसिसला. आतली_बातमी, एकतर्फी बनावात हे दुसरं कशाला घातलं असतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून ती यंत्रणा बंद पाडली.

मग २०१८ मध्ये सदस्य देशांनी बहुमताने हा अधिकार हेगच्या ओपीसीडब्ल्यू या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेलाच दिला. तिच्या तपास पथकाने लतामिना, सराकिब, दूमा (७ एप्रिल २०१८, ४३ मृत) इथले हल्ले सीरियन हवाई दलाचे असल्याचं मानायला वाजवी आधार आहे असं म्हटलं, आणि २०१५ चा मारेआचा मस्टर्ड हल्ला इसिसचा. शिक्षा काय? २०२१ मध्ये सीरियाचा संघटनेतला मताधिकार काढून घेतला.

फटफटी

मताधिकार. बापरे, केवढी दहशत.

ड्रमवाला

माझा व्यवसाय रसायनं निर्यात करण्याचा, तेव्हा माझ्या बाजूने.

थायोडायग्लायकॉल नावाचं रसायन आहे. कापड रंगवायला, शाईला लागतं, आणि मस्टर्ड वायूच्या एक पाऊल आधीचं आहे. असला माल पाठवायचा तर परवाना, अंतिम वापरकर्त्याचं पत्र, तो पुढे कुणाला विकणार नाही याची लेखी हमी. एकदा माझ्याकडे मागणी आली, त्यात कंपनीचं नाव रंग बनवणारी आणि पत्ता एका मालवाहतूक एजंटच्या गाळ्याचा. रंगाचा कोणता दर्जा हवा असं विचारलं तर उत्तर आलं, कोणताही चालेल. रंगवाल्याला कोणताही कधीच चालत नाही. मी मागणी सोडली आणि खात्याला कळवलं. पोचपावतीसुद्धा आली नाही.

हे सांगायचं कारण फ्रान्स व्हान आन्राट. हा डच व्यापारी १९८०च्या दशकात सद्दाम हुसेनच्या इराकला शेकडो टन थायोडायग्लायकॉल पुरवत होता. १६ मार्च १९८८ ला इराकमधल्या हलब्जा शहरावर सद्दामच्या सैन्याने केलेल्या वायुहल्ल्यात काही तासांत ३,२०० ते ५,००० कुर्द मेले. डच न्यायालयाने व्हान आन्राटला युद्धगुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल २००५ मध्ये १५ वर्षं दिली, अपिलात ती १७ झाली. आदेश देणारा अली हसन अल-माजिद २०१० मध्ये फासावर गेला. व्यापारी आत गेला, सेनापती लटकला. पण मध्ये इतकी सरकारं होती त्यांचं काय?

जुनी_खाती

ड्रमवाल्यांना पुरवणी. हलब्जानंतर मे १९८८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६१२ केला, त्यात इराकचं नाव घेऊन निषेध नाही, तर 'दोन्ही बाजूंनी' रासायनिक अस्त्रं टाळावीत अशी अपेक्षा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्याआधी इराणचाही हात असल्याचं सुचवून मोकळं झालं होतं. तेव्हा इराक त्यांचा सोयीचा होता. २००३ मध्ये गैरसोयीचा झाला तेव्हा तेच हलब्जा युद्धाचं कारण म्हणून सांगितलं गेलं.

चौकस_चंपा

मला व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेल्या एजंट ऑरेंजबद्दल विचारायचंय. व्हिएतनाममधल्या पीडितांनी अमेरिकेत कंपन्यांवर दावा लावला होता ना?

निमूट

हो. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. हे तणनाशक होतं, माणसांवर वापरायचं विष म्हणून ते युद्धकायद्याने त्या काळी निषिद्ध नव्हतं, असं कारण दिलं. कंपन्यांचा बचाव होता की सरकारने ऑर्डर दिली, आम्ही बनवलं. सरकारवर जावं तर सार्वभौमत्वाचं कवच. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. स्वतःच्या सैनिकांसाठी मात्र अमेरिकेने १९९१ मध्ये कायदा करून भत्ते सुरू केले.

आतली_बातमी

भोपाळ पण धरा मग.

तर्कटराव

भोपाळ अस्त्र नव्हे, कारखान्याची दुर्घटना. त्यावर बोलू, पण वेगळ्या धाग्यावर. इथे ते घेतलं तर हजार प्रतिसाद तेवढ्यावरच होतील.

उडाणटप्पू

एक बाळबोध शंका. अश्रुधूर रासायनिक अस्त्र आहे की नाही?

विधिलिखित

१९९७ पासून लागू असलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार युद्धात वापरायला बंदी. देशात दंगल आवरायला पोलिसांना परवानगी.

उडाणटप्पू

म्हणजे शत्रूवर सोडायचा नाही, नागरिकांवर चालेल. कळलं.

पांढरा_कोट

हसू आलं, पण मॉस्कोच्या वायूचं समर्थनही याच फटीतून झालं होतं.

मूळ प्रश्न खासगी टोळीचा होता ना? मग जपानकडे बघा. ओम् शिनरिक्यो पंथाला १९८९ पासून धार्मिक संस्था म्हणून मान्यता होती. २७ जून १९९४ ला त्यांनी मात्सुमोतो शहरात सारीन सोडलं, त्यांच्या जमिनीचा खटला ऐकणारे न्यायाधीश तिथे राहत होते. पोलिसांनी संशय घेतला कुणावर, तर ज्याने सर्वप्रथम मदतीसाठी फोन केला त्या शेजाऱ्यावर. त्याची बायको त्याच विषाने बेशुद्ध पडलेली. वर्तमानपत्रांनी त्याला महिनोन् महिने मारेकरी ठरवलं. १ जानेवारी १९९५ ला बातमी छापून आली की पंथाच्या आवाराजवळच्या मातीत सारीनचे अवशेष सापडलेत. तरी छाप्याची तारीख पडली २२ मार्च. पंथाला कुणकुण लागली आणि २० मार्चच्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. १४ मृत्यू, त्यातला शेवटचा पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये. हजारो बाधित.

सेंट ल्यूक इस्पितळात पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले, बरेचसे चालत, टॅक्सीने. कपडे न बदलता आत घेतल्याने कर्मचाऱ्यांनाही बाधा झाली. पाम हे उतारा औषध कमी पडलं, दुसऱ्या शहरांतून बुलेट ट्रेनने आणवलं.

आता सांगा विधिलिखित, मात्सुमोतो ते टोकियो हे नऊ महिने कुणाच्या खात्यावर?

विधिलिखित

तपासाच्या ढिलाईच्या खात्यावर. हल्ल्याच्या नाही. यावर मी ठाम आहे. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली पोलीस कचरले हे खरं, पण कचरले नसते तर आपण इथेच धार्मिक छळावर धागा काढला असता.

पांढरा_कोट

छळ नको, माती तपासा एवढंच म्हणतेय. ती तपासली होती!

ड्रमवाला

शिवाय पंथाने कच्चा माल स्वतःच्या बनावट कंपन्यांच्या नावाने राजरोस विकत घेतला होता. म्हणजे पुन्हा माझ्याच धंद्याचे कागद.

चौकस_चंपा

रजनीशांच्या अनुयायांचंही असंच ना? १९८४, अमेरिकेतलं द डॅलेस गाव, उपाहारगृहांतल्या सॅलडवर साल्मोनेला शिंपडला, ७५१ आजारी. निवडणुकीत स्थानिकांनी मतदानाला येऊ नये म्हणून. आरोग्य खात्याने सुरुवातीला स्वयंपाक्यांच्या अस्वच्छ हातांना दोष दिला. जंतू रीतसर वैद्यकीय पुरवठादाराकडून मागवलेले.

फटफटी

मांसवाला, शेजारी, स्वयंपाकी. सरकारला पहिल्या दिवशी सापडतो तो नेहमी सामान्य माणूसच कसा?

तर्कटराव

फटफटी, तुमच्याकडून हे आलं म्हणून जास्त आवडलं.

इतकं वाचल्यावर माझा प्रश्न थोडा बदलतोय. हल्ल्याचा दोष आणि रोखण्यातला दोष वेगळे ठेवा हे विधिलिखितांचं म्हणणं पटलं. पण बारी, स्वेर्दलोव्स्क, मॉस्को यांत तिसरंच काहीतरी आहे : हल्ला किंवा गळती झाल्यावर विषाचं नाव दडवणं. त्याने माणसं वेगळी, जास्तीची मरतात. यासाठी कुठे स्वतंत्र शिक्षा आहे का?

विधिलिखित

स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही. फिनोगेनोव्ह निकालात ते 'नियोजनातली त्रुटी' म्हणून आलं, तेवढंच. रासायनिक करारात हल्ला झालेल्या देशाला मदत मागण्याची सोय आहे, पण आपल्याच डॉक्टरांना सांगण्याची सक्ती नाही.

निमूट

आणि सरकारप्रमुखांचं? फ्रान्सने असादवर वॉरंट काढलं होतं ना?

विधिलिखित

नोव्हेंबर २०२३ मध्ये, घूतासाठी. तेव्हा ते सत्तेवर होते. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं : पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखाला परदेशी न्यायालयासमोर संपूर्ण संरक्षण, गुन्हा कितीही मोठा असो. पण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची सत्ता गेली, त्यामुळे नवीन वॉरंट काढायला हरकत नाही असंही सांगितलं.

उडाणटप्पू

म्हणजे खुर्ची असेपर्यंत वायू, खुर्ची गेल्यावर वॉरंट. राजीनामा कोण देईल मग?

चौकस_चंपा

आणि पैसे? जे जगले त्यांना? मस्टर्डवाल्यांची फुप्फुसं जन्मभर जातात म्हणे.

पांढरा_कोट

जातात. इराणमध्ये हजारो जण आजही श्वासाच्या त्रासाने जगताहेत. सरदश्त शहरावर जून १९८७ मध्ये इराकने बॉम्ब टाकले, तिथले तर सगळे साधे नागरिक.

विधिलिखित

जपानने २००८ मध्ये कायदा करून ओम् पीडितांना सरकारी तिजोरीतून रक्कम दिली, मृताच्या वारसांना २ कोटी येन. दोष कबूल न करता दिली आणि पंथाकडून वसूल करायचा हक्क स्वतःकडे ठेवला. चंपाताई, मला विचाराल तर सगळ्यात शहाणा मार्ग हाच. पीडिताने दोष सिद्ध होईपर्यंत का थांबायचं?

फटफटी

इथे मात्र माझा विरोध. तिजोरी म्हणजे करदाते. शिवाय पैसे दिले की चौकशीची निकड संपते. अँथ्रॅक्सच्या तडजोडीने तेच झालं, कोर्टात साक्षी झाल्याच नाहीत.

ड्रमवाला

फटफटींशी सहमत. व्हान आन्राटवर इराणी पीडितांनी दिवाणी दावाही लावला होता. २०१३ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्यांना प्रत्येकी २५,००० युरो मंजूर केले. रक्कम छोटी आहे, पण साक्षी झाल्या, माल कुठून कुठे गेला त्याचे कागद उघडे पडले.

तर्कटराव

ड्रमवाले, त्या संशयास्पद मागणीबद्दल तुम्ही खात्याला कळवलं होतं, त्याची प्रत ठेवलीत का?

ड्रमवाला

ठेवलीय. तारखेसकट.